गळून राहिलं का जळून राहिलं

रोज साडेपाचला, इंजिन थंड असतानाच
बॉनेट उघडते.
पट्टी ओढते, पुसते, परत घालते, परत ओढते.
पहिल्या वेळचं खरं धरायचं नसतं,
हे फर्नांडिस गार्डसाहेबांनी शिकवलं होतं
मोहननगरात, चावी हातात देताना.
एकाहत्तरची फियाट, रंग दुधी,
म्हणजे दूध नासल्यावर होतो तो.

एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
तीन मार्च : शंभर मिली, मागच्यापासून किलोमीटर एकशे नव्वद.
आठ मार्च : शंभर मिली, एकशे ऐंशी.
बावीस एप्रिल : दीडशे. ऊन पंचेचाळीस. वीस-पन्नासचं जाड तेल
पाण्यासारखं झालेलं.
पुढचं वाचता येत नाही, बोट तेलाचं होतं.

कोराडीला प्लांटमध्ये मी हेच करते,
फक्त आकडे मोठे.
किती कोळसा आला, किती वीज गेली,
आणि मधलं कुठे गेलं.
मधल्यासाठी वेगळा रकाना असतो,
म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही.

मोमिनपुऱ्यात इस्राईल मिस्त्रीने
बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. चहा फुंकत म्हणाला,
'ताई, गळून राहिलं का जळून राहिलं, ते सांगा आधी.
गळते ते फरशीवर भेटते.
जळते ते भेटत नाही.'

त्या रात्री गाडीखाली पेपर पसरला.
सकाळी टॉर्च घेऊन ओणवी झाले.
'वधू पाहिजे'चं पान, कोरडं ठणठणीत,
एका कोपऱ्यात मांजरीचा पाय.
बेसिनपाशी हात धुताना कळेना
बरं वाटलं की नाही.

'आता सदरच्या पुलावरून उतरताना रेस सोडा,
खाली आल्यावर दाबा, अन् आरशात पाहा.'
पाहिलं.
निळसर एक फुगा, माझ्या आणि एका स्कूलबसच्या मधे.
खिडकीतल्या पोराने नाक दाबलं,
दुसऱ्या हाताने टाटा केला.

'गाईडा गेल्या,' मिस्त्री फोनवर.
'रिंगा अजून दम धरून आहेत.
हेड उतरवावं लागन. अकरा हजार, अकरा दिवस.'
मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं.
वर्षाचं सात लिटर तेल, लिटरचे चारशे.
हेडचे पैसे वसूल व्हायला चार वर्षं.
चार वर्षांनी मी रिटायर.

ढोके म्हणाला, 'मॅडम, कायले त्रास करता,
इलेक्ट्रिक घेऊन टाका, धूर नाही काही नाही.'
मी खिडकीतून आमच्या चिमणीकडे बघितलं.
मग त्यानेही बघितलं.
मग आम्ही डब्यात काय आहे ते बोललो.

शेवटी मोहननगरला फोन लावला.
साहेबांना आता ऐकू कमी येतं, सूनबाई मधे निरोप्या.
तुमच्या वेळी किती प्यायची, विचारलं.
पलीकडे बराच वेळ खोकला,
नंतर, लांबून :
'मोजलं कोणी? रविवारी चर्चहून आलो
की थोडं ओतायचो.'
आणि मग, सूनबाईला वाटलं फोन ठेवला म्हणून,
'ती चालवते का अजून? रोज?'

आज रविवार. ड्यूटी आहेच.
झाकण काढलं, नरसाळं लावलं,
तेल मधासारखं सरळ खाली,
घाई नाही त्याला.
मोजलंही. आता सवय जात नाही.
मुलीच्या जुन्या ओढणीने पट्टी पुसली,
परत घातली, परत ओढली.
दोन खुणांच्या मधे,
जरा खालच्या अंगाला.

चालते.